लायसन्स संपलंय? आधी कार्डावरच्या तारखा वाचा

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले आणि मधूनमधून लायसन्स. लायसन्सवाला माणूस दारातूनच ओळखू येतो. तो खुर्चीवर बसत नाही. उभ्याउभ्या पाकीट काढतो, घामानं आणि घासून अर्धी अक्षरं पुसलेलं कार्ड पुढे करतो आणि विचारतो, “भाऊ, हाई संपी गय का बरं?” बहुतेकदा संपलेलं असतंच, आणि त्याला ते धुळे-जळगाव हायवेवर कुणीतरी अडवल्यावर कळलेलं असतं.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: “एजंट किती घेईल?” त्याआधी दहा मिनिटं थांबा. या कामात कठीण असं फारसं काही नाही. सगळा खेळ दोन दिवसांचा आहे. एक, मुदत संपते तो दिवस. दुसरा, त्यानंतर एक वर्ष पूर्ण होतं तो दिवस. आपण या दोन दिवसांच्या अलीकडे आहोत, मध्ये आहोत की पलीकडे, एवढं कळलं की पुढची वाट आपोआप ठरते.

कार्डावर तारीख एक नसते

कार्ड उजेडात धरा. ज्यांच्याकडे दुचाकी-कारसोबत ट्रक, बस, टॅक्सीचीही परवानगी आहे त्यांच्या कार्डावर दोन मुदती छापलेल्या असतात: एनटी म्हणजे नॉन ट्रान्सपोर्ट आणि टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट. लोक लांबची तारीख बघतात आणि निवांत होतात. रावेर-सावद्याकडून केळी भरून उत्तरेला जाणारा एक ड्रायव्हर माझ्याकडे आला होता. कार्डावर त्याला २०३१ दिसत होतं आणि तो बरोबर होता, पण ती तारीख त्याच्या मोटारसायकलची. ट्रकची मुदत आठ महिन्यांपूर्वीच संपलेली. आठ महिने हा माणूस बिनधास्त चौदा टायरी चालवत होता.

ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची असते. गॅस, पेट्रोल, रसायनं असा धोकादायक माल वाहणाऱ्यांची तीन वर्षांची, आणि त्यांना नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो.

छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणारे “माझ्या कार्डावर टीआर नाही, मग माझं काय?” असं घाबरून विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे स्पष्ट केलंय. एकूण वजन ७,५०० किलोच्या आतलं व्यावसायिक वाहन एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. ट्रक-बसवाल्यांची मात्र यातून सुटका नाही.

साध्या, म्हणजे नॉन ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत तुमच्या वयावर ठरते. तिशीच्या आत काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं किंवा नव्यानं केलं तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत. पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाच वर्षं. यात एक गंमत आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी नूतनीकरण झालं तर दहा वर्षं मिळतात, चौपन्नाव्या वर्षी झालं तर जेमतेम सहा. पन्नाशी जवळ आली असेल आणि मुदतीचं शेवटचं वर्ष सुरू असेल तर वाढदिवसाच्या आधी अर्ज टाका.

ही वयाची मांडणी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची आहे. त्याआधी लायसन्स वीस वर्षांचं किंवा पन्नाशीपर्यंतचं मिळायचं, जे आधी संपेल ते. म्हणून २००५-०६ च्या सुमारास कॉलेजात असताना ज्यांनी लायसन्स काढलं, त्यांची वीस वर्षं आत्ता भरतायत. काढल्यापासून त्या कार्डाकडे कुणी पाहिलेलंच नाही. तुम्ही त्या पिढीतले असाल तर हे वाचणं इथेच थांबवा, पाकीट काढा, तारीख बघा आणि मग परत या.

“तीस दिवस चालतं” हे विसरा

पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स ग्राह्य धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. गावात अजून छातीठोकपणे सांगणारे आहेत, “महिनाभर काही होत नाही.” होतं. आज मुदत संपली तर उद्या सकाळी तुम्ही विनालायसन्स आहात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर ती चालवायला दिल्याबद्दल मालकालाही कलम १८० खाली तेवढाच. हा दंड परवडला, खरं भय अपघाताचं. वैध लायसन्स नसताना काही घडलं तर विमा कंपनी तेच कारण पुढे करते. समोरच्याला भरपाई देऊन नंतर ती तुमच्याकडून वसूल करायला निघते.

एक वर्षाची जी सवलत लोक ऐकून असतात ती गाडी चालवण्याची नाही, अर्ज करण्याची आहे. मुदत संपायच्या आधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात चाचणी न देता नूतनीकरण होतं. मुदत संपली असेल तर नूतनीकरण होईपर्यंत गाडी मात्र दाराशी उभी.

अर्जाला बसण्याआधी

माझा अनुभव असा की फॉर्म भरायला वीस मिनिटं लागतात आणि फॉर्मपर्यंत पोहोचायला लोकांना तीन आठवडे. अडकतात ते तीन जागी.

पहिली जागा मोबाइल नंबर. घरबसल्या, आरटीओत न जाता काम करायचं तर आधारवरून ओळख पटवावी लागते, आणि ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर कुणाच्या तरी जुन्या सिमचा असतो, सिम कधीच बंद झालेलं. आधी पोस्टात किंवा बँकेतल्या आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. लायसन्सला जोडलेला नंबर वेगळा असतो, तो सारथीवर, म्हणजे परिवहनच्या लायसन्ससाठीच्या सरकारी पोर्टलवरच बदलता येतो.

दुसरी जागा नाव आणि जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून ही अर्ध्या गावाची जन्मतारीख. आधारवर आईनं सांगितलेली खरी तारीख, लायसन्सवर शाळेचा १ जून. पोर्टल माहिती उघडताना लायसन्स नंबर आणि जन्मतारीख मागतं, ती लायसन्सवरची द्यायची, खरी नव्हे. नावाचंही तेच. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे वडिलांचं नाव गायब. थोडा फरक चालून जातो. मोठा असेल तर आधारवरून होणारी ओळख जुळत नाही. अशा वेळी आधारशिवायचा पर्याय निवडून कागदपत्रं घेऊन कार्यालयात जायची तयारी ठेवा, नाहीतर आधी आधार दुरुस्त करा. दोन्ही चालतं. घाईत असाल तर पहिलं करा.

तिसरी जागा जुनी पुस्तिका, आणि ही सगळ्यांत चिवट. हातानं लिहिलेल्या पुस्तिकेतल्या नोंदी कित्येकदा संगणकात चढलेल्याच नसतात. नंबर टाकला की पोर्टल सांगतं, माहिती सापडत नाही. लगेच हात टेकू नका. पोर्टलला नंबर पंधरा अक्षरी लागतो: एमएच, दोन आकडी कार्यालय क्रमांक, चार आकडी साल, मग सात आकडे. पुस्तिकेतला आकडा छोटा असेल तर पुढे शून्यं लावून सात करा. कार्यालय क्रमांक जळगावचा १९, धुळ्याचा १८, नंदुरबारचा ३९. इथे नंदुरबारकर हमखास चुकतात. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी तो धुळ्यातच होता. शहाद्याच्या, तळोद्याच्या माणसानं १९९५ ला काढलेलं लायसन्स धुळ्याचं, म्हणजे १८ चं. ते ३९ टाकून जन्मभर शोधलं तरी सापडणार नाही. चाळीसगावलाही आता वेगळं उपप्रादेशिक कार्यालय झालंय, पण जुन्या लायसन्सवरचा १९ तसाच राहतो.

एवढं करूनही सापडलं नाही, तर मूळ पुस्तिका घेऊन ज्या कार्यालयानं ती दिली तिथे जा आणि “बॅकलॉग नोंद करून द्या” असं म्हणा. शब्द हाच वापरा. खिडकीवरच्या माणसाला “लायसन ऑनलाइन दिसत नही” असं सांगितलं तर तो तुम्हाला सायबर कॅफेत पाठवतो, “बॅकलॉग” म्हटलं की कपाटाकडे वळतो.

डॉक्टर कुणाला लागतो

वय चाळीसच्या आत आणि लायसन्स साधं असेल तर डॉक्टर लागत नाही. नमुना १ मध्ये स्वतःच्या तब्येतीचं निवेदन द्यायचं, तेही फॉर्म भरतानाच. लोक त्यावर न वाचता टिक मारतात. वाचा. अचानक चक्कर किंवा शुद्ध हरपते का, २५ मीटरवरून भरदिवसा गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असं विचारलेलं असतं. पंचवीस मीटर म्हणजे साधारण आपल्या ओट्यापासून चार-पाच घरं. उन्हात उभं राहून एकदा बघाच. चष्म्याचा नंबर बदलल्याचं माझ्या स्वतःच्या अशाच लक्षात आलं.

चाळिशी ओलांडली असेल, किंवा वय कितीही असो पण लायसन्स ट्रान्सपोर्टचं असेल, तर नमुना १-अ लागतो. हे नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र. हल्ली बहुतेक ठिकाणी डॉक्टर आपल्या लॉगिनमधून ते थेट सारथीवर भरतात. म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा, “सारथीवर लायसन्सचं मेडिकल करता का?” सगळे करत नाहीत. गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरकडून कागदावर सही-शिक्का आणून माझ्या टेबलावर ठेवणारे आठवड्याला दोन तरी असतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. आणखी एक. प्रमाणपत्र देताना डॉक्टरनं तुम्हाला खरंच तपासावं, डोळे बघावेत. न बघता सही करणारा स्वस्त पडतो. पण रात्री समोरून ट्रॅक्टर बिनलाइटचा येतो तेव्हा ती स्वस्ताई कामाला येत नाही.

आता फॉर्म

परिवहनचं संकेतस्थळ उघडा. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, हे आधी पाहा. शोधलं की वरती सरकारीसारखी दिसणारी खासगी पानं येतात, ती जास्तीचे पैसे घेतात. व्हॉट्सअॅपवर “आरटीओ चलान” नावाची एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप घालणारी फाइल आली असेल तर तिला हात लावू नका. ती लायसन्सची नाही, तुमचं बँक खातं साफ करणारी फाइल आहे.

लायसन्सच्या सेवांत जा, राज्य महाराष्ट्र निवडा. लायसन्सवरच्या सेवा असा पर्याय येतो, तिथे नंबर, जन्मतारीख आणि चित्रातली अक्षरं भरली की तुमची माहिती समोर उभी राहते. ती शांतपणे वाचा. फोटो, पत्ता, वाहनांचे प्रकार, दोन्ही मुदती. मोटारसायकलची नोंद गायब असल्याचं मी इथेच दोनदा पकडलंय. पुढे गेल्यावर ते दुरुस्त करणं डोकेदुखी.

माहिती बरोबर असेल तर पुढे जा, ओटीपी द्या. मग सेवांची यादी येते. इथे एकापेक्षा जास्त खुणा करता येतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. कार्ड हरवलंय आणि मुदतही संपलीय? नूतनीकरण आणि दुबार प्रत दोन्हींवर खूण करा. पत्ता बदललाय? तोही याच अर्जात. हरवलेल्यासाठी पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत जवळ ठेवा.

पुढे आधारसह की आधारशिवाय, असं विचारतात. वर सांगितलेला मोबाइल आणि नावाचा गुंता सुटला असेल तर आधारसह निवडा. फोटो आणि पत्ता तिथूनच येतो, कार्यालयात जावं लागत नाही. आधारशिवाय निवडलं तर फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, जुनं लायसन्स चढवायचं आणि वेळ घेऊन मूळ कागद दाखवायला जायचं. फोटो आणि सहीच्या फाइली १० ते २० केबीच्या लागतात. मोबाइलनं काढलेला फोटो तीन-चार हजार केबीचा असतो आणि पोर्टल तो थेट नाकारतं, कारणही धड सांगत नाही. फोटो लहान करणारं कुठलंही साधं अॅप चालेल. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर, जाड पेननं करा.

पैसे भरण्याचं पान हे या सगळ्यातलं सर्वांत रागीट पान. नूतनीकरणाचे २०० आणि कार्डाचे २०० हा पाया, वर पोस्टाचा खर्च वगैरे. उशिरासाठी केंद्रीय नियमात वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला १,००० रुपये धरलेत. तुमची रक्कम पोर्टल स्वतः काढतं, तिच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. खात्यातून पैसे कापले आणि पावती आली नाही, तर पुन्हा भरू नका! हात आवरा. पैसे भरण्याच्या विभागातच भरणा तपासण्याचा पर्याय आहे. अर्ज क्रमांक टाकून तो आधी बघा. बऱ्याचदा काही तासांनी पावती आपोआप उभी राहते. एका काकांनी माझ्याकडे यायच्या आधी घरी तीनदा भरले होते. परत मिळाले, पण किती फेऱ्यांनी ते विचारू नका.

अर्ज क्रमांक कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमधला स्क्रीनशॉट लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो.

वर्ष उलटून गेलं असेल तर

मग चाचणी आली. कायदा सांगतो की मुदत संपून वर्ष झाल्यावर चाचणी पास झाल्याशिवाय नूतनीकरण करायचं नाही. वीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाला हे अपमानाचं वाटतं. “माले कसाले शिकाडी राहिना?” असं एकानं मलाच ऐकवलं. पण चाचणीत नापास होतात ते जुने चालकच, कारण सवयी. इंडिकेटर न देता वळणं, एका हातानं स्टिअरिंग, बेल्ट नाही. ज्या प्रकारचं लायसन्स आहे त्या प्रकारचं वाहन घेऊन जायचं, आणि त्याचे कागद, विमा, पीयूसी चालू असलेले हवेत. दुसऱ्याची गाडी मागून नेलीत आणि तिचा विमा संपलेला निघाला, तर दिवस फुकट. चाचणीची फी वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये. पोर्टलनं आधी शिकाऊ लायसन्स मागितलं तर तेही काढावं लागतं. त्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं, म्हणजे महिना त्यातच जातो.

तालुक्याच्या ठिकाणी आरटीओची शिबिरं भरतात. जिल्ह्याला जाण्यापेक्षा तिथली वेळ मिळाली तर घ्या. मे महिन्यातली दुपारची वेळ मात्र शक्यतो टाळा. पंचेचाळीस अंशात मैदानावर रांगेत उभं राहून कुणाचीच गाडी सरळ चालत नाही.

सुरत, पुणे, नाशिककर भाऊंसाठी

आपल्या प्रत्येक गल्लीतलं कुणीतरी सुरतेला उधन्यात किंवा लिंबायतला आहे. लायसन्स जळगावचं, राहणं सुरतचं. पत्ता गावाकडचाच ठेवायचा असेल तर आधारवरून तिथूनच अर्ज करा, फक्त कार्ड गावाकडच्या पत्त्यावर जाईल हे लक्षात ठेवा. सुरतच्या पत्त्याचं हवं असेल तर तिथल्या पत्त्याचा पुरावा लागेल आणि अर्ज गुजरात निवडून करावा लागेल. राज्यातल्या राज्यात पुण्या-नाशिकला असाल तर कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येतो, पण पत्त्याचा नियम तोच. नवीन लायसन्स काढायच्या भानगडीत पडू नका. एका माणसाला दोन लायसन्सं ठेवता येत नाहीत.

कार्ड येईपर्यंत

अर्ज मंजूर झाला की डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये नवी तारीख दिसू लागते. रस्त्यावर पोलिसांना ती दाखवता येते, कायद्यानं तीही तितकीच ग्राह्य आहे. म्हणून कार्ड हातात पडेपर्यंत गाडी बंद ठेवायची गरज नाही, मंजुरी येईपर्यंत मात्र आहे. “अर्ज केलाय” ही पावती म्हणजे लायसन्स नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं.

कार्डं आता जिल्ह्यात छापली जात नाहीत, राज्यात मोजक्या ठिकाणी छापून स्पीड पोस्टनं पाठवतात. आपल्या गावांत पत्ता म्हणजे नुसतं “मु. पो.” आणि गावाचं नाव असतो, आणि एका गावात एकाच नावाचे चार पाटील. अर्जात पत्त्याच्या ओळीत मारुती मंदिराजवळ, जुन्या ग्रामपंचायतीमागे असं काहीतरी घाला, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. घर बंद सापडलं तर पाकीट परत जातं. तसं झालं तर ते बहुधा तुमच्या आरटीओत पोहोचतं. अर्ज क्रमांक आणि आधार घेऊन गेलात की परत आलेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यातून ते शोधून देतात. तुमच्या अर्जाच्या स्थितीत “पाठवलं” दिसतंय आणि पंधरा-वीस दिवसांत काही आलं नाही, तर आधी आपल्याच पोस्टात विचारा. आमच्याकडे अशी दोन पाकिटं किराणा दुकानात सापडली होती. पोस्टमननं विश्वासानं ठेवलेली, आणि दुकानदार सांगायला विसरलेला.